उभ्यानं आखायची शस्त्रक्रिया

ओघळलेले स्तन उचलण्याच्या शस्त्रक्रियेत माझा खरा कस टेबलावर लागत नाही. तो त्याआधी लागतो, बाई शुद्धीत, आरशासमोर उभी असताना. आडवं झालं की स्तन बाजूला पसरतात आणि तिथं आखलेली रेघ उभं राहताच खोटी पडते. म्हणून मार्कर उभ्यानंच चालवायचा. गळ्याच्या खाचेपासून एक रेघ, हासळीच्या मध्यापासून दुसरी आणि स्तनाखालच्या घडीच्या पातळीला स्तनाग्राची नवी जागा. ती फार वर धरण्याचा मोह आवरावा लागतो. थोडं खाली राहिलेलं स्तनाग्र पुन्हा वर घेता येतं. फार वर गेलेलं खाली आणणं महाकठीण.

"अंगावर पाजलं म्हणून असं झालं ना?" हे बहुतेकजणी विचारतात. दोष पाजण्याचा नसतो. गरोदरपण, वजनाचे चढउतार, वय आणि धूम्रपान यांनी त्वचा आणि आतले तंतुमय बंध सैल होतात. स्तनात स्वतःचा स्नायू नसतो, त्यामुळे व्यायामानं किंवा मालिशनं ते पुन्हा आवळत नाहीत.

आम्ही जादा त्वचा काढतो, आतल्या भागाला आकार देतो आणि स्तनाग्र रक्तपुरवठ्यासकट वर सरकवतो. हा रक्तपुरवठा जपायचा म्हणून सिगारेटच नव्हे, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा निदान 4 आठवडे आधी सुटायला हवी. मिश्रीचं सहसा कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

व्रणांचं मात्र मी न विचारताच सांगते. ओघळ कमी असेल तर व्रण स्तनाग्राच्या काळसर वर्तुळाभोवती, जास्त असेल तर तिथून खाली उभा, त्याहून जास्त असेल तर घडीत आडवाही. आपल्या सावळ्या त्वचेवर व्रण जाड किंवा गडद होण्याचा धोका अधिक. फिके पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. साधारण 6 आठवडे आधार देणारी ब्रा, जड उचलणं बंद. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढं दूध पाजणं अवघड जाऊ शकतं. मूल हवं असेल तर मी थांबायला सांगते. डावं-उजवं तंतोतंत जुळत नाही आणि वय काही थांबत नाही.

मग व्रणांचे फोटो दाखवते. ते नीट बघून "चालेल" म्हणणारीला तारीख देते. नुसता 'नंतरचा' आकार बघत राहणारीला आणखी एकदा भेटायला बोलावते.