हाताने फिरवायची लेन्स आणि वसईचा किल्ला

हल्ली फोटो काढायला काय लागतं? मोबाइल समोर धरायचा आणि बोट टेकवायचं, झालं! उजेड किती घ्यायचा, कुठली वस्तू स्पष्ट दिसू द्यायची, सगळं मोबाइलच ठरवतो. पण हे काम तुमच्यावर सोपवलं तर? चला, आज असाच एक कॅमेरा घेऊन वसईच्या किल्ल्यात हिंडून येऊ.

कॅमेरा अगदी छोटासा, जाकिटाच्या खिशात मावणारा. याला म्हणतात मिररलेस. एसएलआर कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य तो वरच्या खिडकीत पाठवतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून तो एवढा सडपातळ. त्यावर बसवलीय २५ मिलिमीटरची एक इवलीशी लेन्स. मोटर लावलेल्या स्वयंचलित लेन्सपेक्षा ही बरीच स्वस्त. का बरं? कारण हिच्यात मोटर नाही की विजेची जोडणी नाही. आहेत फक्त काचा आणि हाताने फिरवायची दोन कडी. गंमत म्हणजे, आपल्यावर लेन्स बसवलीय हे कॅमेऱ्याला कळतच नाही! ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ असं त्याला आधी मेनूमध्ये जाऊन सांगावं लागतं.

वसई रोड स्टेशनला उतरा आणि किल्ल्याकडे जाणारी बस किंवा रिक्षा पकडा. सकाळी लवकर गेलात तर उत्तम, कारण तेव्हा ऊन तिरपं असतं. त्या तिरप्या उन्हाचं काम पुढे आहेच.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. तटबंदीच्या आत त्यांनी एक शहरच वसवलं. चर्चं, मठ, वाडे, सगळं काही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी हा किल्ला जिंकला. आज आत उरलेत ते उंच उंच भग्न अवशेष.

आता सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यासमोर उभे राहा. लेन्सचं एक कडं छिद्र लहान-मोठं करतं. त्यावर १.८ पासून पुढे आकडे असतात. आकडा लहान, तर छिद्र मोठं! उलटं वाटतं ना? २५ ला १.८ ने भागा. उत्तर येतं जवळजवळ १४. म्हणजे १४ मिलिमीटरचं छिद्र. आता २५ ला ८ ने भागा. जेमतेम ३ मिलिमीटर! छिद्र लहान झालं की उजेड कमी येतो, पण जवळचं आणि दूरचं दोन्ही स्पष्ट येतं. मागच्या बाकावरून फळा नीट दिसला नाही की आपण डोळे बारीक करतो, तसंच हे. तेव्हा मनोऱ्यासाठी कडं ८ वर आणा. पुढचं गवतही स्पष्ट आणि मनोऱ्याचा माथाही.

मग फ्रान्सिस्कन चर्चमध्ये या. इथे जरा जपून पावलं टाका, कारण जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांच्यावर पोर्तुगीज भाषेतला मजकूर कोरलाय. उन्हापावसाने आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी कितीतरी अक्षरं झिजलीत. डोक्यावर ऊन असलं तर ती दिसतही नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षरं वर उठून येतात. गुडघ्यावर बसा. दुसरं कडं हळूहळू फिरवा, तेच फोकसचं. आधी सगळं धूसर, मग एक रेघ, मग अख्खं अक्षर! ते सापडेपर्यंत तुम्ही त्या दगडाकडे किती वेळ पाहिलंत, मोजा बरं. मोबाइलने फोटो काढला असता तर एवढ्यात तुम्ही पुढच्या चर्चमध्ये पोहोचला असता.

किल्ल्याजवळच पाचूबंदर आहे, कोळी बांधवांची वस्ती. रंगीत होड्या, जाळी, सुकायला टांगलेले बोंबील. इथे माणसं सारखी हलत असतात. कडं फिरवत बसलात तर क्षण निसटलाच. मग युक्ती करा. छिद्र ८ वर आणि फोकस ४ मीटरवर ठेवा. आता सुमारे दोन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येईल. पण कुणाचा फोटो काढण्याआधी “काकी, काढू का?” असं विचारायचं हं! नको म्हणाल्या, तर नको.

ही लेन्स सगळ्यात हुशार आहे असं मुळीच नाही. छिद्र पूर्ण उघडलं की फोटोचे कोपरे मऊ येतात. झेपावणारी घार हिच्याने पकडणं महाकठीण. आणि आईबाबांनो, यासाठी नवीन खरेदी करायलाच हवी असंही नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये हाताने फोकस करायची सोय असते. तिथूनच सुरुवात करता येईल.

पण झिजणाऱ्या अक्षरांचा फोटो का काढायचा? गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईवर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केलं. शिळांवरचे लेख त्यांनी उतरवून घेतले आणि पुस्तकात छायाचित्रंही घातली. तेव्हा काय काय शाबूत होतं, हे आज आपल्याला त्यातून पडताळता येतं. त्यानंतर भिंतींत झाडांची मुळं शिरली, दगड निखळले, आणि काही शहाण्यांनी भिंतींवर आपली नावंही कोरून ठेवली!

म्हणून तुम्ही एकच शिळा निवडा. तिच्यावर पाय देऊ नका, खडू फासू नका. नीट फोकस करून फोटो काढा आणि वहीत तारीख, वेळ आणि तुम्ही कुठे उभे होता ते लिहा. पुढच्या वर्षी पावसाळा सरला की त्याच जागी, त्याच वेळी जा आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून अक्षरं मोजा.