बंडखोराची मते कोणाची?

निवडणूक झाली की पांढरकवड्यात चहाच्या टपरीवर एकच हिशोब मांडला जातो. पडलेल्या उमेदवाराच्या मतांत बंडखोराची मते मिळवायची आणि म्हणायचे, ‘फूट पडली नसती तर सीट आपलीच होती.’ मतदानाचे आकडे अभ्यासणे हेच माझे काम, आणि हा हिशोब मला कधी पटला नाही. पांढरकवडा ज्यात येतो त्या आर्णी मतदारसंघात तर तो 2019 सालीच फसला.

त्या वर्षी भाजपने विद्यमान आमदार राजू तोडसाम यांचे तिकीट कापून संदीप धुर्वे यांना दिले. तोडसाम अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे माजी मंत्री शिवाजीराव मोघे. तोडसामांनी सुमारे 27 हजार मते घेतली, आणि तरीही धुर्वे निवडून आले. मताधिक्य जेमतेम 3 हजार 150 च्या घरात.

टपरीवरचा हिशोब सांगतो की ते 27 हजार भाजपचेच होते. मग तोडसाम रिंगणात नसते तर धुर्वे 30 हजारांनी आले असते! पण तिकीट कापल्याने रागावलेला मतदार नेहमी निमूटपणे कमळाकडे परततो का? काही घरीच बसतात, काही रागाच्या भरात पंजा दाबतात. त्या 27 हजारांपैकी शंभरात 56 जण मोघेंकडे आणि उरलेले धुर्वेंकडे गेले असते, तरी निकाल उलटला असता. नाराजांना आपल्याच माणसाचे बटण मिळाले म्हणून ते विरोधकाच्या दारी गेले नाहीत, ही शक्यता मला खरी वाटते. बंडखोर कधी कधी पक्षाला वाचवतो, तो असा.

1995 च्या राज्य विधानसभा निवडणुकीत मात्र वेगळे घडले. काँग्रेस 80 जागांवर अडकली, तब्बल 45 अपक्ष निवडून आले आणि त्यांत काँग्रेसचेच बंडखोर पुष्कळ होते. ते नुसती मते खाऊन थांबले नाहीत, स्वतः जिंकले. शिवसेनेचे 73 आणि भाजपचे 65 मिळूनही बहुमत होत नव्हते. अपक्षांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार आले. ज्याच्या मागे स्वतःचा मुलूख उभा असतो तो बंडखोर सत्ताच फिरवतो.

2024 मध्ये भाजपने तोडसामांनाच उमेदवारी दिली आणि त्यांनी काँग्रेसचे जितेंद्र मोघे यांना सुमारे 29 हजारांनी हरवले. 2019 चे मताधिक्य आणि तोडसामांची मते यांची बेरीज 30 हजार! आकडे असे जुळलेले पाहून मीही थबकलो. पण मधल्या काळात शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, काँग्रेसचा उमेदवार बदलला. टपरीवरचा हिशोब खरा ठरला असे यावरून म्हणता येणार नाही.

उत्तर शोधायचे तर बूथवर उतरावे लागते. निवडणूक आयोगाचा नमुना 20 प्रत्येक मतदान केंद्राची उमेदवारनिहाय मते देतो. आपल्या गावाचे 2014, 2019 आणि 2024 चे तीन कागद शेजारी ठेवून पाहा. बंडखोर उभा राहिला तेव्हा गावात कमळ किती घटले आणि पंजा किती, ते आधी मोजा. कोणी कोणाची मते खाल्ली ते त्यानंतरच बोला.