पाऊणपटीचा हिशेब

कोकणात जन्मलेल्या माणसाला समुद्राविषयी एक प्रकारचा घरगुती अहंकार असतो. नोकरीपायी त्याला पाटण्यास धाडा की शिलाँगला, समुद्राचा विषय निघाला की तो खुर्चीत किंचित ताठ होऊन बसतो. आमचेही तसेच आहे. वास्तविक दाभोळच्या खाडीकाठचे घर सोडून आम्हांला तीस वर्षे झाली; त्या तीस वर्षांत आमचा पाण्याशी संबंध आला तो बहुतेक सरकारी निवासस्थानाच्या नळापुरता, आणि तोही सकाळी तासभर. परंतु अहंकाराला रोजच्या हजेरीची गरज नसते.

ओडिशात बदली होऊन दोन वर्षे होत आली, तेव्हा गेल्या पौषात आम्ही सहकुटुंब चांदीपूरला गेलो. आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या जुन्या टेंपो ट्रॅव्हलरमधील आसने काढून तिचे फिरते बिऱ्हाड केले आहे. दिवसा बैठक आणि रात्री बिछाना होणाऱ्या दोन फळ्या, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि भांडी टांगण्यास आकडे. ही गाडी त्यांनी चार दिवसांकरिता आम्हांस दिली. सौभाग्यवतींनी तिच्यात डोकावून एवढेच म्हटले, “आपल्या पहिल्या क्वार्टरला फक्त चाके नव्हती.”

चांदीपूर बालेश्वर स्थानकापासून अवघे १६ किलोमीटर. किनाऱ्यालगत सुरूचे बन आहे आणि त्यामागे एका गृहस्थांनी आपली मोकळी जागा तंबूवाल्यांसाठी ठेवली आहे. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि समुद्र निघून चालला होता. निघून चालला होता हे अक्षरशः खरे आहे. तेथील तळ इतका सपाट आहे, की ओहोटीला पाणी ५ किलोमीटरपर्यंत मागे सरते आणि दिवसातून दोनदा समुद्राच्या जागी ओल्या वाळूचे एक मैदान उरते. आमच्या चिरंजीवांनी क्षणभर पाहून विचारले, “बाबा, समुद्राची बदली झाली का?”

जागेत आणखी दोन बिऱ्हाडे होती. विशाखापट्टणहून मोटारसायकलवर आलेले एक तेलुगू जोडपे आपल्या लहानशा तंबूत बहुधा झोपलेलेच असे. त्यांनी आम्हांस गोंगुऱ्याचे लोणचे दिले, ते मात्र जागे करणारे होते. दुसरे बिऱ्हाड कलकत्त्याचे. निवृत्त शाळामास्तर, त्यांची पत्नी आणि आठ वर्षांचा नातू. मास्तरांनी प्रथम आम्हांला बुढाबलंग नदीची दिशा दाखविली. तिच्याच काठी चषाखंड येथे ९ सप्टेंबर १९१५ रोजी बाघा जतीन इंग्रजांच्या पोलिसांशी लढले आणि दुसऱ्या दिवशी बालेश्वरच्या इस्पितळात वारले. हे सांगताना मास्तरांचा आवाज अजूनही वर्गातल्यासारखा होत होता.

मग आम्ही मराठी आहोत असे कळताच त्यांच्या पत्नी हसून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही बर्गी!”

बारगीर या आपल्या साध्या शब्दाचे बंगाल्यात हे भयंकर रूप झाले आहे. सरकारी घोड्यावर बसणारा शिपाई तो बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी १७४२ पासून दहा वर्षे बंगाल असा काही लुटला, की तेथील आया आजही अंगाईगीतात बर्गींचे भय घालून पोरांना निजवितात. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने चौथाईसह ओडिशाचा वसूल भोसल्यांस दिला आणि १८०३ पर्यंत हा मुलूख नागपूरच्या अमलाखाली होता. आम्ही हात जोडून म्हटले, “मावशी, आम्ही फक्त प्रवासभत्ता घेतो.” त्या पुष्कळ हसल्या. नातू मात्र आमच्याकडे डोळे वटारून पाहत राहिला.

यानंतर जे घडले ते लिहिण्याजोगे नाही. म्हणूनच लिहितो आहोत.

मास्तरांना नातवाला घेऊन त्या ओल्या मैदानात दूरवर जायचे होते. नालेसारखे दिसणारे खेकडे शोधावयाचे होते. हा प्राणी वस्तुतः खेकडा नव्हे, तो कोळ्यांचा आप्त आहे, आणि त्याच्या निळ्या रक्तावर औषधांची शुद्धता तपासतात. पाणी केव्हा परतेल, असे मास्तरांनी विचारले. आम्ही खुर्चीत ताठ झालो. कोकणात पोरालाही येणारा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पुरी ओहोटी सव्वापाचच्या पुढे. “निर्धास्त जा,” आम्ही म्हणालो. आमची बारा वर्षांची कन्याही त्यांच्याबरोबर गेली, आणि आम्ही गाडीत आडवे झालो.

सव्वाचारच्या सुमारास जाळे गुंडाळणारा एक कोळी आमच्यापाशी येऊन म्हणाला, “पाणी आसुछि.” आम्ही त्याला घड्याळ दाखविले. अजून तासाचा अवकाश आहे, असे हिंदीत समजावून दिले. आमच्या शेऱ्यावर कनिष्ठ लिपिक जसा पाहतो, तसा तो पाहून गेला.

पाच वाजण्यापूर्वी सौभाग्यवतींनी हाक मारली. दूर तीन ठिपके दिसत होते, आणि ते ठिपके व आपण यांच्यामध्ये चकाकणारी एक पट्टी. सपाट तळावर पाणी समोरून लाटेने येत नाही. ते आधी ओघळींत शिरते आणि माणसाच्या पाठीमागे जाऊन उभे राहते. आम्ही धावलो. गुडघाभर पाण्यात जाऊन नावाने ओरडलो. पुढची ओघळ किती खोल आहे, हे कोकणात जन्मलेल्या आम्हांस ठाऊक नव्हते.

तोच कोळी आणि त्याचा मुलगा आमच्या शेजारून गेले, पण सरळ नव्हे. ते दक्षिणेला बरेच लांब चालत गेले, तिकडून उथळ जागेने वळले आणि अर्ध्या तासाने तिघांना घेऊन आले. नातू कोळ्याच्या खांद्यावर होता. मास्तर छातीपर्यंत भिजले होते आणि अनवाणी होते. कन्येच्या हातात त्या खेकड्याचे रिकामे कवच होते. ते तिने सोडले नव्हते. तोवर मागे सूर्य बुडाला होता आणि समोर पाण्यावर पौर्णिमेचा चंद्र येत होता. सुंदर देखावा असावा.

आम्ही मास्तरांना म्हटले की चूक आमची. ते म्हणाले, “प्रश्न मी विचारला होता.” त्यांच्या पत्नी काहीच बोलल्या नाहीत. नातवाचे डोके पुसत राहिल्या. रात्री त्यांच्या तंबूतून अंगाईचा सूर आला. शब्द लागत नव्हते, एकच लागला. गाडीत आम्ही चौघेही जागे होतो. ते गाणे कशाचे, असे कन्येने विचारले नाही.

पहाटे पैसे घेऊन आम्ही कोळ्याच्या झोपडीशी गेलो. ते त्याने मोजल्यावाचून कमरेला खोचले. मग आम्ही त्याला त्याचा हिशेब विचारला. तोही तिथीवरूनच वेळ काढीत होता. पण भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळी पोचते, आणि चांदीपूरचा पौर्णिमेचा आकडा आमच्या सव्वाअकराच्या बराच अलीकडचा होता. तो आम्ही पंचांगाच्या कोऱ्या पानावर टिपून घेतला. परत आलो तेव्हा कलकत्त्याचा तंबू उतरविला जात होता, आणि आमची कन्या ते कवच वर्तमानपत्रात गुंडाळून नातवाच्या पिशवीत ठेवीत होती.