कढीपत्त्याची दुसरी कुंडी

झाडांतलं मला काही कळत नव्हतं. वाढले दादरच्या चाळीत. तिथे सामाईक गॅलरीत एक तुळस होती आणि तिला पाणी आजी घालायची. लग्न होऊन ठाण्याला पहिल्या मजल्यावरच्या घरात आले, तेव्हा ऐसपैस गॅलरी मिळाली आणि सासूबाईंनी चिपळूणहून आणलेलं कढीपत्त्याचं रोप. "ह्याला फार करायला लागत नाही," त्या म्हणाल्या. "ऊन दे, पाणी बेताने घाल, आणि शेंडे खुडत राहा." शेंडे का खुडायचे, हे मी विचारलं नाही, सांगितलं तसं करत राहिले. खुडलेल्या जागेखालून दोन-दोन फांद्या फुटल्या आणि रोप काठीसारखं वर न जाता भरगच्च झालं, तेव्हा कारण कळलं.

ज्येष्ठातला पहिला मोठा पाऊस झाला आणि झाड पोपटी पालवीने भरलं. फोडणीला पानं तोडायला गेले तर कोवळ्या पानांवर पक्ष्यांनी घाण केलेली. काळपट ओले ठिपके, मधे पांढरा पट्टा. ओलं फडकं आणलं आणि पुसायला लागले. पहिलाच ठिपका फडक्याखाली आकसला. पुन्हा वाकून पाहिलं तर त्याने डोकं वर केलं होतं.

बोटभर अंतरावरून बघत होते तोच त्या डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाची दोन मऊ, ओली शिंगं बाहेर आली. सोबत आंबूस वास. क्षणभर थरथरून ती परत आत गेली. मी हाक मारली म्हणून सासूबाई आल्या. "लिंबावरची अळी आहे ती. आमच्या परसात लिंबावर कितीतरी असायच्या. शिंग काढून वास सोडते, म्हणजे मुंग्या जवळ येत नाहीत. असू दे तिला." मुंग्यांना, कोळ्यांना दूर ठेवणारा हा अवयव डोक्याच्या मागे घडी घालून ठेवलेला असतो. आणि विष्ठेसारखं दिसणं हाही बचावच. पक्षी तसल्या ठिपक्यावर चोच मारत नाहीत.

शेजारच्या काकूंनी फवारा मारायला सांगितलं. नर्सरीवाला म्हणाला, औषध देतो, दोन दिवसांत साफ होईल. मी औषध आणलं नाही. का, तर ते औषध मारल्यावर तीच पानं आमटीत कशी घालायची हा प्रश्न मला पडला होता. अळीबद्दल माया वगैरे तेव्हा काही नव्हती.

मैत्रिणीकडून आयझॅक किहिमकरांचं भारतीय फुलपाखरांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. ते 2008 साली निघालेलं आहे. त्यातली चित्रं आणि कुंडीतलं प्रत्यक्ष, असं ताडून बघताना हे लाइम बटरफ्लाय असणार एवढं ठरलं. काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, मागच्या पंखावर एक तांबडा डाग, आणि शेपटी नाही. ह्याच झाडावर कॉमन मॉर्मन नावाचं शेपटीवालं फुलपाखरूही अंडी घालतं, आणि सुरुवातीला दोघांच्या अळ्या सारख्याच दिसतात. लिंबू, बेल आणि कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. तिन्ही घरात वापरत आले होते, पण पानं चुरगळून एकापाठोपाठ एक वास घेतला तो तेव्हाच पहिल्यांदा.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला आणि अंडी घालताना बघायला मिळालं. मादी झाडाभोवती घिरट्या घालते. एका पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी त्यावर थाप दिल्यासारखं करते, उडते, दुसऱ्या पानावर टेकते. पायांवर चव कळणारी केंद्रं असतात. पान आपल्या पिल्लांच्या कामाचं आहे का, हे ती पायांनी चाखून ठरवते. शेजारच्या मोगऱ्यावर ती टेकली आणि लगेच उठली. मग कढीपत्त्याच्या अगदी कोवळ्या पानाशी आली, पोट वाकवलं आणि एकच अंडं चिकटवून गेली. जेमतेम 1 मिलिमीटरचा पिवळसर गोल मणी. एका ठिकाणी एक, असं करत ती झाडभर फिरली. तोडून फोडणीत टाकलेल्या पानांखाली असे मणी किती असतील, हा विचार आला आणि तेव्हापासून मी प्रत्येक पान उलटून बघते.

तीन-चार दिवसांत अंडं काळवंडतं आणि अळी बाहेर येते. पहिलं जेवण अंड्याचं टरफल. मग पान. काही दिवसांनी ती एकदम खाणं सोडून एका जागी स्तब्ध बसली. मला वाटलं, आजारी पडली. कात टाकायची तयारी होती ती. आधी तोंडावरची जुनी टोपी निसटून खाली पडली, काळी, चकचकीत, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. मग अंगावरची कातडी मागे मागे सरकत गेली. सगळी उतरल्यावर अळी वळली आणि आपलीच कात खाऊन टाकली. असं चारदा होतं, आणि चौथ्या कातीनंतर विष्ठेचं सोंग संपून हिरवीगार, बोटाच्या पेराएवढी जाड अळी समोर येते. खांद्यावर डोळ्यांसारखे दोन डाग, अंगावर तिरपे पट्टे. पानांत ती इतकी मिसळते की मला दिसेचना. शेवटी जमिनीकडे बघायला शिकले. खाली फरशीवर काळ्या लेंड्या पडलेल्या असतील तर त्यांच्या बरोबर वर अळी असते.

ह्या वयातली अळी दिवसरात्र खाते. पानांची संपूर्ण काडी सफाचट, नुसती शीर शिल्लक. भाद्रपदात झाडाची दशा बघवत नव्हती आणि फोडणीला कढीपत्ता मी भाजीवालीकडून आणत होते. कोथिंबीर घेतली की दोन काड्या ती तशाच टाकते. सासूबाईंना विचारलं, झाड मरेल का? त्या म्हणाल्या, "पानं गेली म्हणून झाड मरत नाही. मूळ शाबूत आहे ना?" अळ्या गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्याच काड्यांच्या बगलेत नवे कोंब आले. शेंडे खुडल्याने होत होतं तेच अळ्यांनी केलं होतं.

मधल्या काळात शिंपी पक्षी रोज सकाळी यायला लागला. शेपूट उभारून ओरडायचा आणि अळी घेऊन जायचा. मला ते सहन होईना. जुनी मच्छरदाणी कापली, धावदोऱ्याने तिची लांब पिशवी शिवली, दोन्ही तोंडांना नाडी ओवली आणि अळ्या असलेल्या एका फांदीवर चढवली. सासूबाई हे सगळं बघत होत्या. "एवढी एक फांदी ठेव झाकून," त्या म्हणाल्या, "बाकीचं मोकळं राहू दे. त्यालाही घरी पिल्लं असतील." पिशवी अजून आहे, आणि ती एकाच फांदीला असते.

नवरात्रात आमच्याकडे आप्पा, म्हणजे माझे सासरे, आकाशकंदील बांधायला घेतात. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने चौकोन बांधायचे, मैद्याची खळ शिजवायची, पतंगाचा कागद चिकटवायचा आणि खाली झिरमिळ्या. त्या वर्षी मला शिकायचं होतं. कामटीची गाठ माझ्या हाताने घट्ट बसेना, तेव्हा त्यांनी दाखवलं की दोरा आधी ओला करायचा. वाळताना तो आवळतो. सांगाडा झाला आणि आम्ही तो गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीला टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या सांगाड्याच्या एका कामटीवर हिरवी अळी होती. कोश करायच्या आधी अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकून पोट रिकामं करते आणि झाड सोडून जागा शोधत भटकते. ही कुंडीवरून उतरून आप्पांच्या कंदिलावर आली होती. कामटीवर तिने रेशमाची लहानशी गादी विणली, त्यात मागचे पाय रोवले, आणि मग अंगाभोवती एक धागा घेतला. डोकं डावीकडे नेऊन धागा चिकटवायचा, तोंडातून तो काढत पाठीवरून उजवीकडे आणायचा, पुन्हा चिकटवायचा. त्याच वाटेने पुन्हा पुन्हा, जाड होईपर्यंत. नंतर त्या पट्ट्यावर भार टाकून ती मागे रेलली, माडावर चढणारा पाडेली कमरेच्या दोरात रेलतो तशी. दिवसभराने शेवटची कात गळाली आणि खाली कोश होता, वाळक्या कामटीच्या रंगाचा. पिशवीतल्या फांदीवर झालेला कोश मात्र हिरवा. आजूबाजूचा पृष्ठभाग कसा आहे त्यावरून कोशाचा रंग ठरतो, हे एकाच वेळी दोन्ही समोर असल्याने मला पटलं.

आता कंदिलाचं काय? वसुबारस तोंडावर आली होती. कोश हलवायचा तर रेशमाची गादी सुटायची भीती. आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "ती बाजू राहू दे. बाकीच्या बाजूंना कागद लावून घेऊ." कोशातून बाहेर यायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, थंडी असेल तर त्याहून जास्त. आम्ही खळ शिजवली आणि तीन बाजू पुऱ्या केल्या.

एका संध्याकाळी कोश काळपट झाला. बॅटरी धरली तर पातळ कवचाखाली पंखांवरचे पिवळे ठिपके स्पष्ट दिसत होते. सकाळी लवकर उठले म्हणून सापडलं. कवच डोक्याशी चिरलं आणि फुगीर पोटाचं, ओलं, चुरगळलेल्या पंखांचं काहीतरी बाहेर येऊन कामटीला लटकलं. पंख बोटाच्या नखाएवढे. अंगातलं द्रव शिरांमध्ये ढकलत ते पंख उलगडतात, आणि ते लटकूनच व्हावं लागतं. पडलं तर पंख वाकडे वाळतात आणि मग उडणं नाही. सोंड बघून मला सगळ्यात नवल वाटलं. ती बाहेर येते तेव्हा एक नसते, दोन वेगळे धागे असतात. फुलपाखरू त्या दोन्हींची गुंडाळी करत, सोडत, पुन्हा करत त्यांना एकमेकांत अडकवतं. त्यातून मध ओढायची नळी तयार होते. हे जमलं नाही तर पंख कितीही सुंदर असोत, ते उपाशी मरतं. तास-दीड तासाने त्याने भुरकट पाण्याचा एक थेंब टाकला आणि उडालं. थेंब आप्पांच्या पांढऱ्या कागदावर पडला. कागद बदलू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले. डाग असलेलाच कंदील त्या दिवाळीत लागला.

सगळे कोश असे उघडले नाहीत. मार्गशीर्षात एक बराच काळ तसाच राहिला आणि एके दिवशी त्याला बारीक भोक दिसलं. आतून मुंगीहूनही लहान, पंखवाल्या माश्या निघाल्या होत्या. गांधीलमाशीच्या नात्यातली ही जात ताज्या कोशात अंडी घालते आणि तिची पिल्लं आतलं सगळं खातात. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण झाड अळीने खाल्लेलं चालतं, तर अळी ह्यांनी खाल्लेली का चालू नये, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

थंडीत कढीपत्ता पिवळा पडला, पानं गळाली, अंडी घालणारं कोणी येईना. त्या रिकाम्या दिवसांत एका रविवारी आम्ही घोडबंदर रोडजवळच्या ओवळ्याला जाऊन ओवळेकर वाडी पाहिली. राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या जमिनीवर फुलपाखरांसाठी झाडं लावून ती उभी केली. फुलं लावली की फुलपाखरं मध प्यायला येतात आणि जातात; ती राहावीत तर अळ्यांची खाद्यझाडं हवीत, हे तिथे बघून कळलं. प्लेन टायगरला रुई लागते, टेल्ड जेला सोसायट्यांच्या कुंपणाला असतो तो उंच खोटा अशोक. रेड पिएरोची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून खाते. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन, ज्याला राणी पाकोळी म्हणतात, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

चैत्रात पालवी आली. बुंध्याशी मुळातून वर आलेला फुटवा सासूबाईंनी थोड्या मुळांसकट अलगद सोडवून वेगळ्या कुंडीत लावला. ही दुसरी कुंडी अळ्यांची. पहिलीवर अंडं दिसलं की ते पान देठासकट काढून मी दुसरीच्या पानाला टाचणीने टोचते. अळी निघाली की आपण होऊन सरकते.

तुमच्या खिडकीत कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर पालवी फुटायच्या दिवसांत पानं उलटून बघा. फवारा मारू नका. जमलं तर दुसरी कुंडी ठेवा, पण ती नर्सरीतून आणणार असाल तर लगेच अळ्या सोडू नका. विकायच्या रोपांवर बहुतेक वेळा औषध मारलेलं असतं. नवी पालवी येईपर्यंत थांबा.