चिमूट

माझी लेक नऊ महिन्यांची झाली. सहाव्या महिन्यात खुळखुळा अख्ख्या मुठीत धरायची. परवा वसमतला घरी जेवताना तिनं ताटाबाहेर सांडलेलं भाताचं शीत अंगठा अन् तर्जनीनं अलगद उचललं. आधी तीनचारदा निसटलं; कुणी रागावलं नाही. उलट आम्ही दोघं हातातला घास तसाच धरून बघत बसलो.

डी.एड.ला 'सूक्ष्म स्नायूंचा विकास' पाठ करून मी चांगले गुण मिळवले होते. तरी पहिलीतल्या एका पोरावर, पेन्सिल मुठीत धरतो म्हणून, जूनमध्येच ओरडलो होतो. खरं सांगतो, तेव्हापासून तो मला बघून पाटी झाकायचा.

सोमवारी त्याच्यापुढं चिंचोके ओतले. एकेक उचलून डब्यात टाकायचा, बस्स. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी तो उठला नाही.