तिसरं भोक

"सर, त्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरला मुंग्या आहेत."

कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीतल्या मुलीनं हे सांगितलं आणि मी भाबडेपणानं कॅबिनेट उघडून आत मुंग्या शोधायला लागलो. खरंच शोधल्या! पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. "तसल्या नाही हो सर. मागनं हात लावा की."

लावला. पत्र्याला बोट टेकलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. मुलांनी त्याचा खेळच केला होता. एकानं कॅबिनेटला हात लावायचा, बाकीच्यांनी साखळी धरायची, शेवटच्यानं खिडकीचा गज पकडायचा आणि मुंग्या किती जणांमधून जातात ते मोजायचं. विक्रम चौघांचा होता. मला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी पाठीतून गार काहीतरी गेलं.

मी मूळचा सॉफ्टवेअरवाला. पुण्यातल्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेले कॉम्प्युटर गोळा करायचे, दुरुस्त करायचे आणि सातारा-सांगलीतल्या शाळांत बसवून द्यायचे, हा आम्हा चौघा मित्रांचा रविवारचा उद्योग. वीज म्हणजे माझ्या लेखी भिंतीतून येणारी गोष्ट. खरी गंमत त्या भिंतीतच आहे, हे कळायला वयाची 41 वर्षं लागली!

मल्टीमीटरची एक सुई कॅबिनेटला लावली, दुसरी बाहेर ओल्या मातीत खोचलेल्या सळईला. 108 व्होल्ट! रात्रभर वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजला, एक न्यूट्रलला, आणि दोघांचा मधला सांधा कॅबिनेटच्या पत्र्याला. म्हणजे पत्रा 230 च्या निम्म्यावर लोंबकळत राहणारच. प्रत्येक धड कॉम्प्युटरचं हेच. ती गळती निमूटपणे जमिनीत नेऊन सोडायचं काम तिसऱ्या तारेचं. मी बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे काही नव्हतं. तार तुटलेली नव्हती, सैल नव्हती. मुळात ओढलेलीच नव्हती.

आणि ती पिन! थ्री पिनमधली वरची पिन जाड आणि लांब का असते, कधी विचार केलाय? मी नव्हता केला. लांब अशासाठी की आत जाताना ती सगळ्यात आधी टेकते आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटते. म्हणजे वीज येण्याआधी राखणदार हजर, आणि वीज गेल्यावरच त्याची सुट्टी. जाड अशासाठी की ती चुकून दुसऱ्या भोकात शिरू नये. कुणीतरी बसून इतका विचार केला होता आणि मी आयुष्यभर ती पिन नुसती कोंबत आलो!

तिथून मला वेडच लागलं. कॉम्प्युटर राहिले बाजूला, मी बोर्ड उघडत सुटलो. बायको म्हणाली, निदान यातलं कळणाऱ्या माणसाला सोबत घे. म्हणून तासगावकडचे मामा आले. मामा मूळचे मोटारी भरणारे, म्हणजे जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग पुन्हा करणारे. पुढे रीतसर वायरमनचं लायसन्स काढलेलं. द्राक्षबागा आणि उसाच्या या पट्ट्यात मोटार भरणारा माणूस डॉक्टरच्या बरोबरीचा. गावच्या शाळेचं वायरिंगही बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात पडतं.

काय काय सापडलं! पाटण तालुक्यातल्या एका शाळेत प्रोजेक्टरला प्लगच नव्हता. दोन उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घातलेल्या, आणि निसटू नयेत म्हणून पाचर मारलेली. सहसा आगकाडी असते. इथे मात्र शिसपेन्सिलीचे तुकडे होते. शिसपेन्सिल! "लाकूड हाय की, काय हुतंय," असं कुणीतरी म्हणालं असणार. पण आतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. विज्ञानाच्या तासाला मुलं सेल आणि बल्ब घेऊन जे शिकतात, ते त्याच वर्गाच्या भिंतीत 230 व्होल्टवर चालू होतं. ज्या तालुक्यात कोयनेचं धरण, ज्याच्या पाण्यावर पलीकडे डोंगराच्या पोटात 1,960 मेगावॅटचा प्रकल्प चालतो, तिथे ती वीज शेवटी पेन्सिलीच्या तुकड्यावर तोललेली.

एका ठिकाणी किटकॅट फ्यूजमध्ये बारीक फ्यूज वायरऐवजी सात तारा एकत्र पिळून घातलेल्या. असा फ्यूज कधी जात नाही. त्याच्याऐवजी वायर जाते. एका शाळेत गॅदरिंगच्या वेळी मांडववाल्यानं मेन स्विचच्या अलीकडून ओढलेली तार तशीच राहिली होती. मेन बंद केला तरी व्हरांड्यातला बल्ब आपला चालूच. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून केलेलं काम सगळ्यात जास्त टिकतं.

पण नळाची गोष्ट वेगळी. ती सांगताना अजून श्वास अडकतो.

पलूसकडची, कृष्णाकाठची शाळा. 2019 च्या ऑगस्टमधला तो पूर, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 फुटांवर गेलेलं, त्यात ही शाळा बुडाली होती. आम्ही गेलो होतो प्रिंटर बघायला. पाणी प्यायला नळाकडे निघालो तर बाई म्हणाल्या, "सर, चपला घालून जा हं. नळ चावतो." नळ चावतो! शाळेत तसा नियमच होता, नळाला चप्पल घालून जायचं. मामांनी ऐकलं मात्र, धावत जाऊन आधी मेन पाडला. मग सगळ्यांना लांब उभं करून, मेन क्षणभर लावून मोजलं. नळ आणि जमीन यांच्यात 160 व्होल्ट.

उलगडा असा. टाकीच्या मोटारीला अर्थिंग म्हणून एक तार लोखंडी पाइपला बांधलेली होती. पूर्वी पाइप जमिनीत गेलेला असल्यानं ते कसंबसं चालायचं. पुरात पाइप मोडला. नंतर मधला तुकडा प्लास्टिकचा बसवला. प्लंबरचं काम चोख, एक थेंब गळत नव्हता! पण प्लास्टिकनं जमिनीचा संबंध तोडला आणि पूर खाल्लेल्या मोटारीची गळती थेट नळांवर आली. मोटारवाला चुकला नव्हता, प्लंबरही चुकला नव्हता. दोघांची भेट झाली नव्हती एवढंच. रबरी चपलांनी ती पोरं सांभाळली.

त्या दिवशी मामा पहिल्यांदा आरसीसीबी घेऊन आले. हे यंत्र म्हणजे, काय सांगू! सहलीला नेलेली पोरं गुरुजी एसटीत बसताना आणि उतरताना मोजतात ना, तसं ते फेजनं गेलेली वीज आणि न्यूट्रलनं परत आलेली वीज सतत मोजत असतं. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की खटका. हिशेब लागला नाही, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार्ल्स डॅलझिल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं होतं की पुरुषांत सरासरी 16 आणि बायकांत साडेदहा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. आपण 'करंटनं धरलं' म्हणतो ते हेच. मग 30 चं यंत्र कसं पुरतं? धक्का बसतोच, पण हृदयाची लय बिघडायच्या आत वीज तुटलेली असते. नोंदी सांगतात की देशात विजेच्या धक्क्यानं दर वर्षी दहा हजारांवर माणसं जातात. आणि हे यंत्र एका तळहातावर मावतं!

पुढच्या शाळेत ते बसवलं आणि बसवताक्षणी पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. हेडसर म्हणाले, "वस्तूच खराब आहे, काढा." मामा एकेक बोर्ड उघडत गेले आणि तिसऱ्या वर्गातल्या बोर्डापाशी गप्प बसले. तिथे तिसऱ्या भोकात तार होती. पण ती शेजारच्याच न्यूट्रलला जोडलेली, चार बोटांचा तुकडा. वीज परत येताना थोडी न्यूट्रलनं आणि थोडी कुठेतरी जमिनीला जेमतेम टेकलेल्या पत्र्यातून, अशी दोन वाटांनी फुटत होती, म्हणून हिशेब लागत नव्हता. टेस्टरला सगळं झकास दिसतं, मुंग्या थांबतात, सगळे खूश. आणि ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी चालू कॉम्प्युटरचा सगळा पत्रा 230 वर.

"ह्ये मी केलंया," मामा म्हणाले. "धा वर्सं झाली. अर्थिंग असंच करत्यात असं मला माज्या उस्तादानं शिकिवलं. मीबी समद्या शाळंत असंच केलं."

मी काही बोललो नाही. मामांनी खिशातली बिडी काढली, परत ठेवली आणि पक्कडीनं तो तुकडा काढून हातात घेतला.

आता आम्ही खड्डे खणतो. पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत हे काम सोपं, तिथं ओल कायमची. माण आणि जत तालुक्यांत मुरूम. उन्हाळ्यात तो इतका कोरडा पडतो की खड्डा असून नसल्यासारखा. म्हणून तिथल्या एका शाळेत झाडांच्या पाण्याच्या पाळीत अर्थिंगचंही नाव लिहिलंय. सोमवारी चौथी, गुरुवारी पाचवी.

तुमच्या पोरांच्या शाळेत गेलात तर आरसीसीबी आहे का विचारा, आणि असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण हेडसरांसमोर दाबायला लावा. लाइट गेली तर उत्तम. नाही गेली, किंवा असं काही बसवलेलंच नसेल, तर लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा. माझ्यासारखं स्वतः बोर्ड उघडत सुटू नका.

मामांनी आठवून आठवून आपल्या शाळांची यादी केली आहे, वहीच्या मागच्या पानावर. सतरा नावं. अकरांवर काट मारली आहे.