नटाचा स्वभाव वाचताना

डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्या मुलाखती व भूमिका समोर ठेवून त्यांचे स्वभाव ठरविण्याचा खेळ मी पुण्यात विद्यार्थिदशेपासून खेळत आलो. युंगने १९२१ साली मांडलेल्या अंतर्मुख-बहिर्मुख या कोटी हाताशी होत्याच. लागू अंतर्मुख व विचारप्रधान, हा माझा निर्णय. पेशाने शल्यचिकित्सक, मुलाखतीत तोलून बोलणारे. मग 'नटसम्राट'मधील (१९७०) बेलवलकरांचा भावनावेग कोठून आला? तो आत दडपलेला असणार, असे मी म्हणे.

अलीकडे, हे दोघे समोरासमोर उभे ठाकलेला 'सामना' (१९७४) पुन्हा पाहिला आणि ही रीत माझ्यावरच उलटली. फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील साखर कारखान्याच्या परिसरावर हुकमत गाजवितो. प्रत्यक्षातले फुले मात्र राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले, एके काळी माळीकाम केलेले. त्यांच्या बाबतीत मी मुलाखत खरी मानली, भूमिका निव्वळ कौशल्य. लागूंच्या बाबतीत नेमके उलट: भूमिका कबुलीजबाब, मुलाखत मुखवटा. पुरावा एकाच जातीचा, नियम दोन. बेलवलकर मला प्रिय होते, हिंदुराव नव्हता, एवढेच त्यामागचे कारण.

लागूंनी आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. लमाण म्हणजे माल वाहून नेणारा. या नावात मला केवळ विनय दिसत असे. आता प्रेक्षकाला दिलेली ताकीदही दिसते. मालावरून वाहणाऱ्याचा स्वभाव ओळखता येत नाही. लेखकाच्या हेतूचा शोध समीक्षेने केव्हाच संशयास्पद ठरविला. नटाला ती सूट आपण अजून दिलेली नाही.